आजींचा एक्स-रे आणि नळाच्या पाइपची लेन्स

"पुता, हो फोटो न्हय, हो म्हजो एक्स-रे."

एवढं बोलून आजींनी माझा लॅपटॉप हळूच माझ्याकडे सरकवला आणि परत गजऱ्यासाठी अबोली निवडायला लागल्या. वहिनी (म्हणजे त्यांची सून, काम तिनेच दिलं होतं) ओशाळून माझ्याकडे बघत होती आणि नात तोंडावर ओढणी धरून हसत होती. अकरा वर्षं लग्नं, मुंजी, बारशी काढतोय, फोटोला नावं ठेवणारे खूप भेटले, पण "एक्स-रे" हा शब्द जिव्हारी लागला कारण तो बरोबर होता.

प्रकरण नीट सांगतो, कारण यात मी जे जे चुकलो ते सगळे चुकतात असं मला वाटतं, आणि शेवटी जे जमलं त्याला पैसे जवळजवळ लागले नाहीत.

फोंड्याहून सावईवेऱ्याकडे जाताना आतल्या वाटेला यांचं घर, मागे कुळागर, माड नि सुपारीच्या झाडांवर मिरवेल चढलेले, मध्ये पाटाचं पाणी. जुनं घर, मध्ये राजांगण, आणि पुढच्या दालनाच्या खिडक्यांना काचा नाहीत, शिंपले आहेत. गोव्यात न वाढलेल्यांसाठी सांगतो, काच महाग होती त्या काळात आपल्याकडे लाकडी चौकटीत चपटे अर्धपारदर्शक शिंपले बसवायचे, त्यातून पलीकडचं दिसत नाही पण उजेड येतो, दुधात हळद टाकल्यासारखा. आजींचं सहस्रचंद्रदर्शन फेब्रुवारीत होतं. दालनात लावायला एक मोठा फोटो, १६ बाय २० इंच, आणि पाहुण्यांना द्यायला छोट्या प्रती, एवढंच काम. आजींची अट एकच. भिंतीवर त्यांचा १९६५ चा फोटो आहे, लग्नानंतर महिन्याभरात पणजीच्या एका स्टुडिओत जाऊन काढलेला, कृष्णधवल, ओठांवर नंतर हाताने लावलेला फिकट गुलाबी रंग. त्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, तसा काढ.

मी मान डोलावली आणि तो फोटो लांबूनच बघितला. पहिली चूक ही.

जानेवारीचा दुसरा आठवडा. मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने गेलो, ४५ मेगापिक्सेलचा मिररलेस बॉडी, ८५ मिमी लेन्स एफ २.८ वर (म्हणजे लेन्सचं भोक बरंच मोठं), नव्वद सेंटिमीटरचा अष्टकोनी सॉफ्टबॉक्स (दिव्यावर लावायची पांढऱ्या कापडाची पेटी, उजेड मऊ करणारी) आजींच्या डाव्या बाजूला अगदी जवळ. माझ्या डोक्यात "सॉफ्ट" म्हणजे सॉफ्टबॉक्स. सावल्या अगदी हळुवार उतरत होत्या, उजेडाला नावं ठेवायला जागा नव्हती, पण मॉनिटरवर शंभर टक्के झूम केलं तर आजींच्या पापणीचा केस न केस, हनुवटीवरची लव, चष्म्याने नाकावर पाडलेले दोन खड्डे, सगळं मोजता येत होतं. मऊ उजेड हा सावलीचा काठ मऊ करतो, चेहऱ्यावरच्या रेषा तो पुसत नाही, लेन्सला जे दिसतं ते लेन्स दाखवतेच. हे मला माहीत होतं का? होतं. पण वापरताना मऊ उजेड आणि मऊ चित्र हे दोन्ही डोक्यात एकच होऊन बसलेले, आणि क्लायंट "सॉफ्ट पाहिजे" म्हणाला की हात आपोआप सॉफ्टबॉक्सकडे जातो.

त्या रात्री मी घरी बसून एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फायलीवरच मऊपणा करायला गेलो. क्लॅरिटी उणे चाळीस, टेक्स्चर उणे पन्नास, वर एक धूसर केलेला लेयर. कॅनडाचे फोटोग्राफर मायकल ऑर्टन हे ऐंशीच्या दशकात एकाच दृश्याच्या दोन स्लाइड, एक स्पष्ट आणि एक फोकसबाहेरची, दोन्ही जास्त एक्स्पोज केलेल्या, एकावर एक ठेवून स्वप्नाळू निसर्गचित्रं करायचे, आता तेच लेयर वापरून दोन मिनिटांत होतं. जंगलाच्या फोटोवर ते छान दिसतं. आजींच्या चेहऱ्यावर ते असं दिसलं की कोणीतरी मेणाचा पुतळा केलाय आणि त्याला खरे डोळे बसवलेत. नातीने तिच्या फोनमधल्या अॅपमध्ये करून दाखवलं ते अजून भारी, आजी पस्तीस वर्षांच्या झाल्या आणि पोर्ट्रेट मोडने गजऱ्याची अर्धी फुलं पार्श्वभूमी समजून पुसून टाकली. आजींनी बघितलं आणि विचारलं, "ही कोण?"

मग पुढचे दहा-बारा दिवस मी जे केलं त्याला अभ्यास म्हणायचं की खुळेपणा ते तुम्ही ठरवा.

पहिलं, डिफ्युजन फिल्टर. माझ्याकडे ब्लॅक मिस्ट जातीतला १/४ ताकदीचा होता, लग्नाच्या व्हिडिओसाठी घेतलेला. या फिल्टरमध्ये काचेत बारीक कण असतात, काही उजेड सरळ जातो म्हणून चित्र स्पष्ट राहतं आणि थोडा उजेड आजूबाजूला पसरतो म्हणून दिव्यांभोवती वलय येतं, आणि ते कण काळे असल्यामुळे सावल्या फार पांढुरक्या होत नाहीत. दिव्यांच्या आराशीत हा फिल्टर जादू करतो. पण वलय यायला आधी चमकणारं काहीतरी लागतं ना! दालनातल्या त्या एकसारख्या उजेडात चमकणारं काही नव्हतंच, त्यामुळे १/४ लावूनही फोटो होता तसाच, एक्स-रे थोडा मळका. मग आजींना राजांगणाकडे पाठ करून बसवलं तर मागचं आभाळ एवढं फुटलं की त्यांच्या कानाजवळचा अर्धा चेहराच खाऊन टाकला. आणि हेही लक्षात ठेवा, हाच १/४ फिल्टर ३५ मिमीवर जेमतेम जाणवतो आणि ८५ वर बराच जास्त दिसतो, फोकल लेंग्थ वाढली की परिणाम वाढतो. एका लेन्सवर ट्राय करून दुसऱ्या लेन्सने लग्न काढायला जाऊ नका.

दुसरं, व्हॅसलीन. जुन्या यूव्ही फिल्टरवर, थेट लेन्सवर नाही, प्लीज. मध्ये रुपयाएवढी जागा मोकळी ठेवून कडेने बोट फिरवलं. बोट ज्या दिशेने फिरतं त्याच्या काटकोनात उजेडाचे ओरखडे उठतात, म्हणजे गोल फिरवलं तर मधून बाहेर किरण निघाल्यासारखे दिसतात, जुन्या पौराणिक नाटकात देव प्रगट होतो तसं. आजी प्रगट होत होत्या. शिवाय फिल्टर बॅगेत ठेवला, बॅग गाडीत, गाडी उन्हात, परत बघतो तर व्हॅसलीन पातळ होऊन फिल्टरच्या आट्यांमध्ये. तो फिल्टर अजून चिकट आहे.

तिसरं, लेडीज स्टॉकिंग. सिनेमावाले लेन्सच्या मागच्या बाजूला ताणून बसवायचे, कॅमेरामन लोकांमध्ये विशिष्ट फ्रेंच ब्रँडच्या मोज्यांची ख्याती होती. मी म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात शोधत फिरलो, दुकानदाराने विचारलं कोणत्या मापाचं, मी म्हटलं ७७ मिलिमीटर (लेन्सच्या तोंडाचं माप), तो माणूस मला बराच वेळ न्याहाळत होता. काळं आणि कातडीच्या रंगाचं असे दोन घेतले. काळ्याने काळं काळंच राहतं, फिकट रंगाच्या जाळीवर उजेड पडला की ती स्वतःच उजळते आणि सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. काळं बऱ्यापैकी चाललं, खरंच, चेहरा थोडा निवळला. पण नथीच्या मोत्यावरच्या चमकेला चारी बाजूंनी बारीक शेपट्या फुटल्या, जाळीच्या विणीमुळे, आणि एकदा दिसल्या की दिसतच राहतात.

आणि एक लाजिरवाणा प्रयोग. माझ्याकडे वडिलांच्या वेळची ५० मिमी लेन्स आहे, दोन पावसाळे कपाटात कपड्यांबरोबर राहिली आणि आतून बुरशी धरली. गोव्यात हे कोणाला सांगायला नको, जूनपासून हवाच एवढी दमट की चामड्याच्या चपलेवर हिरवळ येते, काचेची काय कथा, ड्राय कॅबिनेट चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर ठेवलं तरच निभावतं. म्हटलं एवीतेवी ती धुरकट आहेच, लावून बघू. फोटो धुरकटच आला. धुरकट, म्हणजे कॉन्ट्रास्ट मेला, सगळ्यावर राखाडी झाक, पण आजींची प्रत्येक सुरकुती त्या राखाडीतही ठणठणीत. तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं की अरे, मी चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतोय. सावलीचा काठ मऊ असणं एक, काळ्या-पांढऱ्यातलं अंतर कमी होणं दुसरं, चमकेभोवती वलय येणं तिसरं आणि बारीक तपशील विरघळणं चौथं. आजींना नक्की यातलं काय पाहिजे?

हे विचारायला मी शेवटी त्या जुन्या फोटोकडेच गेलो, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. वहिनीने फ्रेम खाली काढून दिली, मी खिशातलं दहा पटीचं भिंग लावून शिंपल्यांच्या खिडकीखाली बसलो अर्धा तास. आणि मजा बघा, लांबून जो फोटो स्वप्नासारखा दिसतो त्यात पापण्या स्पष्ट आहेत! भुवईचा केस दिसतो. फोकस चुकलेला नाही, हललेला नाही. पण प्रत्येक स्पष्ट गोष्टीवर एक मंद झळाळी सांडलेली आहे, गजऱ्याची पांढरी जाई काळ्या केसांत थोडी उतू गेल्यासारखी, मोत्याभोवती कडं, गालावरून उजेड नाकाच्या सावलीत हलकेच ओघळलेला. म्हणजे दोन चित्रं एकावर एक, एक टणक आणि एक मऊ. गालांवर आणि कपाळावर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवल्याच्या खुणाही सापडल्या, ते त्या काळातलं रिटचिंग, मोठ्या निगेटिव्हवर हाताने करायचे. आणि उजेड? मी समजत होतो तसा मऊ अजिबात नाही. नाकाची सावली बऱ्यापैकी काठाची होती, एका बाजूने थेट दिवा मारलेला.

हे काम लेन्सचं असतं. साध्या गोल काचेचा दोष असा की कडेच्या भागातून जाणारे किरण मधल्या किरणांच्या आधीच एकत्र येतात, सगळे एका बिंदूत मिळत नाहीत. मधल्यांनी बिंदू काढला तर कडेचे त्याभोवती भुरभुरतात. इंग्रजीतून आलेलं नाव स्फेरिकल अॅबरेशन. लेन्स बनवणाऱ्यांनी दीडशे-पावणेदोनशे वर्षं हा दोष घालवण्यात घालवली आणि त्याच वेळी काही लोक तो मुद्दाम जपत बसले. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन, १८१५ मध्ये कलकत्त्यात जन्मलेली बाई, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, १८६३ मध्ये, मुलीने कॅमेरा भेट दिला आणि तिने असे हळुवार चेहरे काढले की त्या काळचे जाणकार तिला फोकस येत नाही म्हणून हिणवायचे. १९३० च्या आसपास जर्मनीत रोडेनस्टॉकने इमागॉन नावाची लेन्स काढली, तिच्यात डायफ्रॅमच्या (उजेड किती आत घ्यायचा ते ठरवणाऱ्या भोकाच्या) जागी चाळणीसारख्या चकत्या, मध्ये मोठं भोक आणि भोवती छोटी छोटी भोकं, मधलं भोक स्पष्ट चित्र देणार आणि कडेची भोकं झळाळी. कॅननने १९८७ मध्ये १३५ मिमी सॉफ्टफोकस काढली, कडं फिरवलं की मऊपणा शून्य, एक, दोन. २०२१ च्या त्यांच्या १०० मिमी मॅक्रोलाही असं एक कडं आहे. म्हणजे मला काय पाहिजे ते बाजारात होतं. पण नवी मॅक्रो एका कामासाठी परवडत नाही आणि जुनी १३५ मुंबईत एका ओळखीच्याकडे होती ती त्याने आदल्याच महिन्यात विकून टाकलेली. समारंभाला उरले होते सोळा दिवस.

तर मग घरीच करू म्हटलं.

क्लोज-अप फिल्टरचा (जवळचं काढायला लेन्सपुढे लावायच्या भिंगांचा) स्वस्तातला संच पडून होता, त्यातला अधिक दहा नंबरचा. नंबर म्हणजे डायॉप्टर, हजाराला त्याने भागलं की मिलिमीटरमध्ये फोकल लेंग्थ, म्हणजे हजार भागिले दहा, १०० मिमीची एकाच भिंगाची लेन्स तयार. पोर्ट्रेटला यापेक्षा काय चांगलं. आजी दोन मीटरवर बसल्या तर भिंगापासून सेन्सर साधारण १०५ मिमीवर यायला हवा, त्यातले वीसेक मिमी कॅमेऱ्याच्या आतच जातात, उरलं पंच्याऐंशी मिमीचं नळकांडं. आमच्या नळाच्या कामातले पाइपचे तुकडे मागीलदारी पडले होते, ६३ मिमीचा ७५ च्या आत सरकवला, मधली फट फेल्टची पट्टी चिकटवून भरली, एका टोकाला कॅमेऱ्याची बॉडी कॅप (लेन्स काढल्यावर तोंडाला लावायचं झाकण) भोक पाडून चिकटवली, दुसऱ्या टोकाला भिंग. आतबाहेर सरकवलं की फोकस. ट्रॉम्बोन वाजवल्यासारखं. डायफ्रॅम म्हणजे काळ्या कार्डाच्या चकत्या: ३६ मिमीचं भोक एफ २.८, पंचवीसचं एफ ४, अठराचं एफ ५.६.

पहिला फोटो नुसता पांढरा. पाइप आतून पांढराशुभ्र आणि गुळगुळीत, सगळा उजेड आतल्या आत नाचत होता. आत काळं फेल्ट लावल्यावर चित्र आलं. हे आधी सुचायला हवं होतं पण रात्रीचा एक वाजला होता.

भिंगाची बाजूही महत्त्वाची. एका बाजूला जास्त फुगीर असलेलं भिंग कोणत्या तोंडाने लावता त्यावर झळाळी किती ते ठरतं. फुगीर बाजू आजींकडे केली तर बेताची, उलटं लावलं तर कितीतरी पट. उलटं लावून ३६ मिमीच्या भोकातून बायकोचा फोटो काढला तो तिला फार आवडला, चेहरा ओळखू येत नाही म्हणून.

पुढच्या दोन संध्याकाळी शेजारच्या काकांना खुर्चीत बसवून चकत्या बदलत बसलो. ३६ मध्ये स्वप्न पूर्ण पण डोळे गेले. अठरात जवळजवळ साधा फोटो. पंचवीसला डोळे राहतात आणि झळाळीही येते, पण थोडी सपाट. मग इमागॉनची नक्कल केली, मध्ये अठराचं भोक आणि भोवती चार मिलिमीटरची बारा भोकं, कागदाला भोक पाडायच्या पंचने. आणि तिथे ते आलं. डोळ्यात टणक बिंदू, भोवती सांडलेला उजेड, भिंगाखाली बघितलेलं तेच. एक गंमत म्हणजे मागे फोकसबाहेर काही चमकत असेल तर ते ठिपक्यांच्या फुलासारखं दिसतं, कारण प्रत्येक भोक आपापलं चित्र काढतं. ते चालवून घ्यायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न, मला आवडतं.

फोकसबद्दल एक लिहून ठेवतो. अशा लेन्सला चकती बदलली की फोकसची जागाही बदलते. मोठ्या भोकावर फोकस करून मग छोटं भोक लावलं तर फोकस मागे सरकलेला असतो. ज्या चकतीवर काढायचं तीच लावून, लाइव्ह व्ह्यूमध्ये दहा पट मोठं करून डोळ्यातल्या ठिणगीवर बघायचं. पीकिंगच्या रंगीत रेषांवर (फोकस कुठे आहे ते कॅमेरा स्क्रीनवर दाखवतो त्या) विश्वास ठेवू नका, मऊ चित्रात त्या कुठेही लागतात किंवा लागतच नाहीत.

आता खरी परीक्षा, आजींची दुसरी बैठक. मी जाऊन शिंपल्यांच्या खिडकीशेजारी खुर्ची मांडली. माझ्या मनात, जगातला सगळ्यात मऊ उजेड आणि सगळ्यात मऊ लेन्स, आता बघाच. पहिली वीस चित्रं बघून मला घाम फुटला. पेज. अक्षरशः तांदळाची पेज, मीठ नसलेली. आजी होत्या, खिडकी होती, पण कशालाच काठ नव्हता, चेहरा भिंतीत मिसळला होता. पुन्हा तेच केलं होतं मी, सगळंच मऊ. जुन्या फोटोतली नाकाची सावली मी भिंगाने बघितली होती आणि विसरून आलो होतो. अशी लेन्स स्वतःच कॉन्ट्रास्ट खाते, तिला उजेड नेहमीपेक्षा करकरीत द्यावा लागतो, झळाळी ही उजळ आणि काळोख्या जागेच्या सीमेवरच दिसते, सीमाच नसेल तर ती सांडणार कुठे?

मग आजींनाच उठवलं, खुर्ची फिरवली आणि खिडकीचं एक दार, एकच, उघडलं. साडेतीन-पावणेचारचं तिरकं ऊन आत आलं आणि त्यांच्या मागच्या बाजूने खांद्यावर, पांढऱ्या केसांवर आणि गजऱ्यावर पडलं. पुढून चेहऱ्याला बंद दाराच्या शिंपल्यांचा उजेड. मागच्या काळोख्या दरवाज्यामुळे केसांची कड उठून आली. एक्स्पोजर मीटरपेक्षा पाऊण स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), कारण उजळ भाग पसरतो आणि जास्त झालं की पसरून चेहऱ्यावर येतो. आयएसओ ८००, शटर १/१२५. त्यांच्या पाठीमागे उशी ठेवली आणि मान टेकवायला सांगितली, कारण आजी दोन सेंटिमीटर पुढे झुकल्या तरी मला नळकांडं सरकवावं लागायचं. चेहरा मधोमध ठेवला, एकाच भिंगाच्या चित्राला कडेने ओघळ असतो, मध्ये धरून ठेवा आणि कडा नंतर कापा.

आजींना माझा कॅमेरा बघून हसू आवरत नव्हतं. "हें कितें रे, बंदूक?" हसता हसता त्या वहिनीकडे बघायला वळल्या, तीच फ्रेम शेवटी निवडली गेली. मी ठरवून काढलेल्या साठ फ्रेमपैकी एकही नाही.

रंगाचं राहिलंच. एकाच भिंगात निळा, हिरवा आणि लाल उजेड वेगवेगळ्या अंतरावर जमतो, त्यामुळे रंगीत फोटोत केसांभोवती जांभळी किनार येते, भयंकर दिसते. आजींना कृष्णधवलच हवा होता म्हणून वाचलो. पण तिथेही एक फायदा सापडला. फोकस हिरव्यावर केला होता, म्हणून हिरवा चॅनेल (फोटोतला हिरव्या उजेडाचा भाग) टणक. लाल चॅनेल आपोआप थोडा फोकसबाहेर, आणि लाल उजेडात त्वचा तशीही उजळ, गुळगुळीत दिसते. दोन्हींची मिसळ केली की टणक चित्रावर मऊ त्वचेचं पांघरूण, दुसरा लेयर वगैरे काही करायचीच गरज नाही. नुसता हिरवा ठेवला तर केशरी अबोली काळपट येत होती आणि आजींनी ती लगेच पकडली, "अबोली सुकली काय?" लाल वाढवत गेलो, साठ हिरवा चाळीस लाल इथे अबोली जिवंत झाली आणि सुरकुत्या होत्या पण ओरडत नव्हत्या. तिथेच थांबलो. सुरकुती एकही पुसलेली नाही.

हे सगळं झाल्यावर प्रिंट. फाइल दिली एका लॅबमध्ये (नाव घेत नाही) आणि दुसऱ्या दिवशी आलेलं बघून डोक्याला हात लावला. त्यांच्या मशीनवर आपोआप करेक्शन चालू असतं, सॉफ्टवेअरने फाइल बघितली, ठरवलं की हा फोटो बिघडलाय, आणि शार्प करून, कॉन्ट्रास्ट वाढवून, चकचकीत कागदावर छापला. पंधरा दिवसांची मेहनत एका बटणाने परत एक्स-रे. काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "सर, थोडा ब्लर होता, आम्ही क्लिअर केला." रागावणार तरी कसं त्याच्यावर, त्याला वाटलं त्याने मदत केली. तर असा फोटो छापायला देताना पाकिटावर, फाइलच्या नावात आणि तोंडाने, तिन्हीकडे सांगा की करेक्शन बंद, आणि कागद मॅट. मी दुसऱ्यांदा उभा राहून छापून घेतला. फ्रेमलाही साधी काच न लावता मॅट माउंट करून घेतला, नाहीतर समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आजींच्या कपाळावर.

हिशेब सांगायचा तर वस्तूंवर खर्च म्हणजे फेल्ट, गोंद, काळं कार्ड, दोन मोजे आणि एक यूव्ही फिल्टरचा जीव. वेळ मोजला तर हे काम तोट्यात गेलं, वहिनीला मी दुसऱ्या बैठकीचे पैसे लावले नाहीत कारण पहिली माझ्या चुकीने वाया गेली होती. पण त्यानंतर तीन कामं याच पद्धतीची आली आणि त्यातल्या एकाला मी नाही म्हटलं, साखरपुडा होता, पन्नास माणसं, नळकांडं सरकवून पळत्या पोरांचे फोटो निघत नाहीत. तिथे फिल्टर घ्या, दिव्यांची माळ लावा आणि मोकळे व्हा. ही लेन्स बसलेल्या माणसासाठी आहे, ज्याच्याकडे वेळ आहे आणि तुमच्याकडेही.

समारंभाच्या दिवशी मी जेवायलाही होतो. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावले होते, दोन्हींत मान एकाच बाजूला कललेली, हे मी ठरवलं नव्हतं, त्यांची सवयच असणार ती. मुंबईहून आलेले त्यांचे एक वयस्क चुलत दीर बराच वेळ नव्या फोटोसमोर हात मागे बांधून उभे होते, मग आजींना विचारलं, हा कोणत्या स्टुडिओत काढला, पणजीचा तो जुना अजून आहे का?

आजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "खंयचो स्टुडिओ! त्या भुरग्यान नळाच्या पायपांतल्यान काडला."